शिकवणं सुधारण्यासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

"मॅडम, प्रस्ताव तयार आहे, फक्त एकदा नजर टाका." सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतले, म्हणजे पुणे, नाशिक, अहिल्यानगर इथले तरुण प्राध्यापक मला असे प्रस्ताव दाखवतात. मी आधी अंदाजपत्रक उघडते. त्यात इंटरॅक्टिव्ह बोर्ड असतो, प्रोजेक्टर असतो, लॅपटॉप असतात. मुलांना नेमकं काय अडतंय, ते मात्र अख्ख्या प्रस्तावात सापडत नाही. वस्तू आधी ठरवायची आणि कारण मागून शोधायचं, इथेच गाडी घसरते. म्हणून मी एकच वाक्य लिहून मागते: 'एफवायच्या मुलांना अमुक जमत नाही.' ते वाक्य सुचत नसेल, तर आधी चार तास मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा वर्ग बघावा.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाचं यांत्रिकी (भौतिकशास्त्रातलं मेकॅनिक्स) गटचर्चेतून शिकवायला आम्ही अनुदान घेतलं. उत्साहात पहिल्या दिवसापासून नवी पद्धत सुरू केली. वर्गात खरोखर जीव आला. एरवी तोंड न उघडणारी मुलं फळ्याशी येऊन भांडायला लागली. वर्षाअखेर निकाल वर गेला आणि आम्ही अहवालात 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं. आढावा बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी एवढंच विचारलं, "आधी यांना किती येत होतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी पेपर सोपा होता, प्रवेशाचा कटऑफही वर गेला होता. पुढचा हप्ता थांबला. डोळ्यांनी पाहिलेला बदल कागदावर दाखवता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मी वीस मिनिटांची चाचणी घेते. बारा-पंधरा प्रश्न, आकडेमोड नाही, फक्त संकल्पना. तीच चाचणी शेवटी पुन्हा. पहिल्या चाचणीची उत्तरं मुलांना सांगायची नाहीत, कागद परत घ्यायचे. मग हिशोब सोपा आहे: वर्गाची सरासरी ४० वरून ५८ टक्क्यांवर गेली, तर वाढायला जागा होती ६०, वाढ झाली १८, म्हणजे लाभ १८ भागिले ६०, ०.३. अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचा असाच हिशोब मांडला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी लाभ ०.२३ निघाला, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ०.४८. असा आकडा हातात असला की समितीसमोर आवाज चढवावा लागत नाही. दोन तुकड्या असतील तर एकीला वंचित ठेवणं मला पटत नाही. एक घटक 'अ' तुकडीला नव्या पद्धतीने, पुढचा 'ब'ला, अशी अदलाबदल करते.

आता खरेदी. आपलं वर्ष जूनला सुरू होतं, सरकारचं ३१ मार्चला संपतं. मंजुरीपत्र दिवाळीनंतर आलं की फेब्रुवारीत पळापळ होते आणि मग आडवाटा सुचतात. एका सहकाऱ्याने तीन दरपत्रकं जोडली होती. तीन दुकानं, तीन लेटरहेड, आणि तिन्हींत 'प्रोजेक्टर'चं स्पेलिंग एकसारखं चुकलेलं. एकाच दुकानदाराने तिन्ही करून दिली होती. लेखापरीक्षकाला ते दिसायला दोन मिनिटं लागली, सहकाऱ्याला खुलासे देण्यात पुढचं अख्खं सत्र गेलं. बोर्ड घ्यायचा असेल तर मी स्वतः पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तापकीर गल्लीत फिरते, नाहीतर फोनवरून तीन वेगळ्या माणसांकडून दर मागवते. एक दुपार जाते, जाऊ दे. वरिष्ठांची मंजुरी टाळायला मोठ्या खरेदीचे तुकडे पाडणं तर केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट निषिद्ध आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बिल प्राध्यापकाच्या नावावर नको, महाविद्यालयाच्या नावावर घ्या.

केंद्राच्या अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज परत भरायचं असतं. ते खर्चात धरू नका.

प्रवासाच्या शीर्षातले, म्हणजे प्रवासासाठी म्हणून मंजूर झालेले पैसे उपकरणांकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार फाइलला लावता येत नाही.

वस्तू आली त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद करा आणि पान क्रमांक बिलावर लिहा.

पहिलं पान २०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या उताऱ्यांनी भरू नका. समितीने ते वाचलेलं आहे. सीनियरची जुनी फाइल किंवा एआयने दिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला तर मी परत करते, कारण त्यात तुमचा वर्गच नसतो.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मंजुरीपत्र येतं त्याच दिवशी मी आमच्या लेखापालांच्या टेबलाशी बसून त्यातल्या अटी मोठ्याने वाचते आणि प्रमाणपत्राची तारीख फाइलच्या आतल्या बाजूला लाल पेनने लिहून ठेवते.