टेक्सासमध्ये बास गरवायचाय? आधी तंगूस ठरवा, मग रॉड

फेब्रुवारी संपत आला की टेक्सासमधल्या तळ्यांचं पाणी हळूहळू कोमट व्हायला लागतं, ६० फॅरनहाइटच्या वर गेलं की लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) अंडी घालायला काठाजवळ उथळ पाण्यात येतो, आणि बरोबर त्याच सुमाराला मला आपल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. "अरे रॉड कुठला घेऊ?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं, रॉडचं नंतर बघू, आधी सांग की तू गरवणार कुठे, पाण्यात गवत आहे, बुडालेली झाडं आहेत की मोकळं पाणी आहे, आणि गळाला लावणार काय. हे तीन ठरले की तंगूस (गळाची दोरी) ठरतो, तंगूस ठरला की रॉड जवळजवळ आपोआप ठरतो. उलट्या बाजूनं गेलात की पैसे जातात.

आमच्याकडे कोकणात खाडीवर नुसत्या हातानं गरवायचे, तंगूस, गरी (गळाचा आकडा), शिशाचं वजन आणि गरीला कोळंबी, एवढंच. रॉडबिड काही नाही, तंगूस बोटावरून सोडलेला आणि खाली काय चाललंय ते सगळं बोटाला कळायचं, मासा नुसता चाचपतोय की त्यानं गिळलंय हे सुद्धा. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय की मासा तुमच्याशी बोलतो तो तंगुसातून, रॉड नंतर. बासच्या बाबतीत फरक एवढाच की इथे बहुतेक लोक खरं आमिष न वापरता ल्युअर वापरतात, प्लॅस्टिकचा किडा, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा मासा वगैरे, ते असतं हलकं, ते लांब फेकायला रॉड लागतो.

आता तंगुसाचे तीन प्रकार नीट समजून घ्या, कारण दुकानात भिंतभर स्पूल (तंगुसाची रिळं) लावलेले असतात आणि माणूस गांगरतो.

पहिला मोनो, म्हणजे आपला नेहमीचा नायलॉनचा तंगूस. स्वस्त, गाठ छान बसते, आणि ताणला की रबरासारखा बऱ्यापैकी लांबतो. हे लांबणं कधी फायद्याचं कधी तोट्याचं. मासा लांबवर असेल तर तुमचा झटका अर्धा तंगुसातच जिरतो, पण मासा काठाजवळ येऊन अचानक उसळी मारतो तेव्हा हाच ताण धक्का पचवतो. उन्हानं तो कमजोर होतो, टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला मोनो पुढच्या वर्षी वापरू नका, आणि रीलवर (रॉडला लावलेलं तंगूस गुंडाळायचं चाक) बरेच दिवस राहिला की स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो.

दुसरा फ्लुरोकार्बन. दिसायला मोनोसारखाच पण माल वेगळा, नायलॉन नाही. पाण्याच्या पावणेदोन पट जड, त्यामुळे बुडतो, आणि प्रकाश त्यातून जाताना पाण्यातून जातो त्याच्या बराच जवळ वळतो म्हणून पाण्यात कमी दिसतो. दगडाला, लाकडाला घासला तरी चांगला टिकतो. महाग आहे आणि थोडा ताठ आहे. घेताना डब्यावर शंभर टक्के फ्लुरोकार्बन लिहिलंय का बघा, कारण काही माल आतून नायलॉन आणि वरून नुसता फ्लुरोचा थर असा पण येतो. आणि गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळलीत तर घर्षणाची उष्णता होते आणि नेमका तिथेच तुटतो, नव्या लोकांचे निम्मे मासे मी असेच जाताना बघितलेत.

तिसरा ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी. पॉलिथिलीनचा एक अतिशय मजबूत प्रकार असतो त्याचे धागे. जवळजवळ लांबत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि जाडीच्या मानानं ताकद प्रचंड, ३० पाउंडाचा (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) ब्रेड साधारण ८ पाउंडाच्या मोनोएवढाच जाड असतो. खाली काय चाललंय ते हाताला लगेच कळतं, अगदी खाडीवरच्या बोटावरच्या तंगुसासारखं. पण पाण्यात चक्क दिसतो, आणि दगडावर घासला की पटकन जातो.

आता एक प्रश्न हमखास येतो, बास असा किती मोठा असतो की ५० पाउंडाची दोरी लागावी? टेक्सासचा रेकॉर्ड लेक फोर्कवरचा, जानेवारी १९९२ मधला, १८.१८ पाउंड. जगाचा रेकॉर्ड १९३२ साली जॉर्जियात झाला, २२ पाउंड ४ औंस, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. म्हणजे अख्ख्या जगात २५ पाउंडाचा लार्जमाउथ रेकॉर्डवर नाही, आणि तुम्हाआम्हाला मिळणार १ ते ४ पाउंडाचे. तरी ५० पाउंड का, तर माशासाठी नाही, गवतासाठी. बास लागला की तो थेट गवतात नाहीतर बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत घुसतो, मग तुम्ही एकट्या माशाला ओढत नसता, माशाला आणि त्याच्याभोवती गुंडाळलेल्या दोनचार किलो गवताला ओढत असता. मोकळ्या पाण्यात मात्र ८ पाउंडाच्या तंगुसावर ५ पाउंडाचा बास आरामात येतो, फक्त रीलचा ड्रॅग (मासा किती जोरानं ओढला की रीलनं तंगूस सोडायचा ते ठरवणारा ब्रेक) बरोबर लावलेला पाहिजे. म्हणून म्हणतो आधी पाणी बघा. लेक फोर्कमध्ये तळं भरताना झाडं तशीच पाण्यात ठेवलेली आहेत, तिथे बारीक तंगूस घेऊन जाऊ नका. ऑस्टिनजवळचं लेक ट्रॅव्हिस स्वच्छ आणि खडकाळ, तिथे जाड ब्रेड थेट ल्युअरला बांधलात तर मासा लांबूनच वळेल.

आता रॉड. रॉड हातात घ्या आणि मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, बरेच लोक हे वाचतच नाहीत. तिथे लांबी असते, पॉवर असते, ॲक्शन असते आणि दोन आकडे असतात, तंगूस किती पाउंडाचा आणि ल्युअर किती औंसाचं. समजा लिहिलंय तंगूस ८ ते १४ पाउंड, ल्युअर पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम. तुमचं ल्युअर ४ ग्रॅमचं असेल तर हा रॉड तुमचा नाही, कितीही भारी असला तरी. फेकताना ल्युअरच्या वजनानं रॉड वाकतो आणि सरळ होताना ल्युअर लांब फेकतो, वजनच कमी असेल तर तो वाकणारच नाही.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझा पहिला रॉड एका दुकानातल्या माणसानं गळ्यात मारला, साडेसात फुटी हेवी, "मोठा मासा पाहिजे तर दणकट रॉड घ्या". मी त्याला ८ पाउंडाचा मोनो भरला आणि छोटी छोटी ल्युअर लावून आमच्या घरामागच्या तळ्यावर गेलो, फेकलं की पंधरा फुटांवर पडायचं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी काठाजवळच एक चांगला मासा लागला, मी झटका मारला, तो काठीसारखा ताठ रॉड तसूभर वाकला नाही आणि तंगूस फट्कन तुटला. तो मासा तोंडात गरी घेऊन गेला त्याचं मला अजून वाईट वाटतं. रॉडमध्ये खोट काही नव्हती, तो गवतातून मासा उपसायचा रॉड होता आणि मी त्याला भलत्याच कामाला जुंपला होता.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला जोर किती लागतो, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असं. ॲक्शन म्हणजे तो वाकतो कुठून. फास्ट असेल तर फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो, मॉडरेट असेल तर अर्ध्यापर्यंत गोल कमान होते. दुकानात शेंडा गालिच्यावर किंवा छताला हळूच टेकवून बघा, कुठून वाकतो ते लगेच दिसेल (छताचा पंखा चालू नाही ना ते आधी बघा, रॉड तिथेच मोडतात). एकच मोठी गरी असलेलं ल्युअर, टेक्सास रिग (गरीचं टोक प्लॅस्टिकच्या किड्यात लपवलेलं) किंवा जिग (डोक्याशी वजन असलेली गरी), त्याला फास्ट पाहिजे कारण जाड गरी माशाच्या जबड्यात घुसवायची असते. क्रँकबेटला (ओढला की पाण्यात खाली जाणारा खोटा मासा) मात्र बारीक तीनतोंडी गऱ्या असतात, त्या आधीच अर्धवट लागतात, तिथे ताठ रॉड आणि वर ब्रेड वापरलात तर ओढाताणीत त्या निसटतात, म्हणून मॉडरेट रॉड आणि १० ते १२ पाउंडाचा फ्लुरो किंवा मोनो. पाण्यावर तरंगणाऱ्या पॉपर ल्युअरला फ्लुरो लावू नका, तो बुडतो आणि पॉपरचं तोंड खाली ओढतो.

पहिला सेट एकच घ्यायचा असेल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे, ७ फुटी मीडियम पॉवर फास्ट ॲक्शन स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साइजचं रील, त्यावर १० ते १५ पाउंडाचा ब्रेड आणि पुढे ५-६ फूट ८ पाउंडाचा फ्लुरो लीडर (ल्युअरकडचा शेवटचा तुकडा). ब्रेडमुळे लांब जातं आणि हाताला कळतं, लीडरमुळे माशाला तंगूस कमी दिसतो. ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका, ल्युअरला पालोमार, दोन्ही घरी सोफ्यावर बसून वीसेक वेळा बांधा म्हणजे काठावर वाऱ्यात हात चालतो. या एका सेटवर छोटा नेड रिग (छोट्या जिगवर आखूड प्लॅस्टिकचा किडा), वजन न लावता वाकी रिग (किडा मधोमध गरीत ओवलेला), हलका टेक्सास रिग, छोटा पॉपर, एवढं सगळं होतं. बेटकास्टर रील (फेकताना ज्याचा स्पूलच फिरतो) पहिल्या दिवशी घेऊ नका, ते फेकताना स्पूलवर अंगठा लागतो आणि तो सरावानंच बसतो, तोपर्यंत दर दुसऱ्या फेकीला तंगुसाचं घरटं सोडवत बसावं लागतं आणि बरोबर आलेली मुलं कंटाळतात. वर्षभरानं मन रमलं तर ७ फुटी मीडियम हेवी बेटकास्टर घ्या, सुरुवातीला त्यावर १२-१५ पाउंडाचा स्वस्त मोनो भरा म्हणजे कापून टाकताना जीव जळत नाही, हात बसला की फ्लुरो. दाट गवतावरून बेडूक (बेडकाच्या आकाराचं ल्युअर) ओढायचा असेल तर तिसरा सेट, सव्वासात फुटी हेवी आणि ५० पाउंडाचा ब्रेड थेट, लीडर नाही. आपला मरळ धरणाऱ्यांना हे बेडकाचं काम लगेच जमतं.

रॉड ग्राफाइटचा की फायबरग्लासचा, तर ग्राफाइट हलका आणि हाताला जास्त सांगणारा पण आपटला की तडा जातो, ग्लास जड पण दणकट. लहान मुलांना ग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण असलेला द्या. ग्राफाइटमधून वीज जाते हे लक्षात असू द्या, ढग गडगडले की रॉड खाली ठेवून गाडीत, आणि वर विजेच्या तारा असतील तिथे फेकायचं नाही.

जुना किंवा सेलमधला रॉड घेताना कान साफ करायची कापसाची काडी खिशात ठेवा. तंगूस ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कडीच्या आतून ती फिरवा, कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे चीर आहे, डोळ्याला दिसणार नाही पण तीच चीर तुमचा तंगूस रोज थोडा थोडा कापणार.

रील भरताना दोनतीन गोष्टी. ब्रेड थेट स्पूलला बांधला तर सगळा गोळाच गोल फिरतो, म्हणून खाली थोडा मोनो गुंडाळून त्याला ब्रेड जोडा. भरताना ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा. स्पिनिंग स्पूलच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर मोकळं ठेवा, काठोकाठ भरलं की वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात. आणि फेकल्यावर स्पिनिंग रीलवरची तारेची कडी हँडल फिरवून नाही, हातानं बंद करा, पीळ पडत नाही.

ड्रॅगसाठी आपल्या प्रत्येक घरात यंत्र आहे, भारतात जाताना बॅगा मोजायचा तो हातात धरायचा काटा. तंगूस त्याच्या हुकला बांधा, दुसऱ्याला काटा धरून सरळ मागे जायला सांगा. ८ पाउंडाच्या लीडरला काटा २ ते अडीच पाउंड दाखवेल तेव्हा रीलनं कर्र करत तंगूस सोडायला पाहिजे, म्हणजे ताकदीच्या साधारण २५ ते ३० टक्के. माझ्या मुलीनं काटा धरला आणि मी ड्रॅग लावला, तिला तेव्हा कळलं की रीलनं तंगूस सोडणं म्हणजे मासा जाणं नाही.

गरवायचं लायसन्स १७ वर्षं आणि त्यापुढच्यांना लागतं, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं त्याचं वर्ष. स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही, पहिला अनुभव तिथे घ्या. राज्यात साधारणपणे १४ इंचाखालचा लार्जमाउथ सोडून द्यायचा आणि दिवसाला ५ ठेवता येतात, पण तळ्यागणिक नियम वेगळे, लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला सोडावाच लागतो आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच. मोजपट्टी रॉडबरोबरच घ्या, आणि जाण्याआधी त्या तळ्याचा नियम वाचून जा.

काठावर पोचलात की पहिली फेक करायच्या आधी, आणि प्रत्येक माशानंतर, शेवटचा दोन फूट तंगूस ओठांच्या मधून हळू ओढा. बोटापेक्षा ओठाला जास्त कळतं. कुठे खरखर लागली तर तेवढा कापा, गाठ परत बांधा, आणि कापलेला तुकडा खिशात घाला, पाण्यात किंवा गवतात नको, बगळ्यांच्या पायात तो अडकतो. बऱ्याच बोट रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायचा उतार) त्यासाठी उभी नळी लावलेली असते, जाताना त्यात टाकून जा.