डीएनए मॅच भरपूर, पण सामाईक पूर्वज सापडेना (गोवा): माझा अनुभव

लक्षण: चाचणीनंतर मिळालेल्या मॅचच्या (ज्यांचा डीएनए माझ्याशी थोडाफार जुळतो अशा लोकांच्या) यादीत ढीगभर 'चौथे चुलत', म्हणजे लांबचे नातेवाईक, 20 ते 40 सेंटीमॉर्गनचे (जुळणारा डीएनए किती, ते मोजायचं एकक), आणि एकाच्याही वंशवृक्षात आमचं आडनाव नाही. आडनावावरून शोध फुकट गेला. गाव बदललं की '-कर'ही बदलतो. कुलदेवतेवरून शोधलं, तर निम्मा फोंडा तालुका नातेवाईक! डोकं उठलं.

जमलं ते असं. आधी आत्याची चाचणी केली. जे मॅच तिला आणि मला दोघांनाही आहेत, तेवढेच ठेवले, ते वडिलांकडचे. मग एकूण आकड्याकडे न बघता सर्वांत लांब सेगमेंट (सलग जुळणारा डीएनएचा तुकडा) पाहिला आणि 20 सेंटीमॉर्गनखालचे वगळले. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच सोयरिकी झाल्या की बारीक तुकड्यांची बेरीज फुगते, नातं उगाच जवळचं वाटतं. उरलेल्यांत एकमेकांशीही जुळणाऱ्यांचा गट केला.

खरी किल्ली पोर्तुगीज काळातली जन्मनोंद. तिच्यात आईवडिलांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही असतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या. गटातल्या प्रत्येकाच्या आजी-आजोबांची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडून मागवली, आडनावं झाकून फक्त नवरा-बायकोच्या जोड्या ताडल्या. एक जोडी दोनदा आली: माझे खापरपणजोबा-खापरपणजी. मॅच त्यांच्या मुलीकडचा निघाला.