सॅव्हेज ११० : .३०८ ची .२४३ करताना

सॅव्हेज ११० या रायफलची नळी बदलून .३०८ ऐवजी .२४३ काडतुसाची बसवायची, हे काम अमेरिकेत घरच्या बाकावर होतं, कारण सॅव्हेजची नळी बॅरल नटने आवळलेली असते. .३०८ आणि .२४३ विंचेस्टर या दोन्ही काडतुसांच्या बुडाचा व्यास साधारण १२ मिमी, त्यामुळे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) आणि काडतुसांचं मॅगझिन तेच चालतं. .३०-०६ हे लांब काडतूस मात्र शॉर्ट ॲक्शनमध्ये, म्हणजे आखूड काडतुसांसाठीच्या यंत्रणेत, मावणार नाही.

रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. बोल्ट, दुर्बीण, दस्ता काढा. नळी शिकंज्यात धरून नट सोडवा. जाम असेल तर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा; जोर लावला की नटाच्या खाचा जातात.

बोल्टमधला इजेक्टर (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) काढा, नाहीतर त्याची स्प्रिंग गेजला (माप तपासायच्या काडतुसासारख्या पोलादी तुकड्याला) ढकलते आणि माप फसवं येतं. चेंबरमध्ये (नळीतली काडतुसाची जागा) किमान मापाचा ‘गो’ गेज, बोल्ट बंद, मग नवी नळी गेजला टेकेपर्यंत हाताने फिरवा. नट आवळताना रिकॉइल लग (गोळीचा धक्का पेलणारा, नळीच्या बुडाशी असलेला तुकडा) तिरका होऊ शकतो, तो धरून ठेवा. आता ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, कमाल मापाच्या ‘नो-गो’ गेजवर नाही. झालाच, तर नट सोडून पुन्हा. ढिल्या हेडस्पेसमध्ये (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) काडतुसाची केस बुडाजवळ फाटते.

भारतात असा बदल शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवानाधारक शस्त्र-कारागिराचंच काम.