जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी कसे बसवावे

घरातल्या वाय-फाय राउटरचे यंत्र अनेक वर्षे धडधाकट चालते, पण कंपनीकडून येणारी त्याची अपडेट बऱ्याचदा त्याआधीच थांबतात आणि पुढे सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्तस्रोत फर्मवेअर (राउटर चालवणारी त्याच्या आतली प्रणाली) बसवले, तर त्याला नियमित अपडेट मिळू लागतात. या प्रकल्पाचा उगम लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये आहे. त्यात लिनक्स वापरलेले असल्यामुळे परवान्याच्या अटींनुसार २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला आणि त्याच्या आधाराने २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले. पुढील कृतीसाठी टीपी-लिंकचा आर्चर सी७ हा राउटर उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण तो बिघडलाच तर परत उभा करण्याची वाट नीट माहीत आहे, आणि नवख्याने राउटर निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी पाहावी.

प्रत्यक्ष फर्मवेअर चढवायला पाच मिनिटे पुरतात. वेळ जातो तो ओळख पटवण्यात, आणि तो जाऊ द्यावा. राउटर उलटा करून खालचे लेबल वाचावे. त्यावर मॉडेलच्या नावाशेजारी आवृत्तीचा आकडा असतो. आर्चर सी७ ची दुसरी आणि पाचवी आवृत्ती दुकानात एकाच नावाने विकली गेली, पण त्यांच्यातील मुख्य चिप वेगळ्या आहेत, त्यामुळे एकीची फाइल दुसरीवर चढवता येत नाही. हा आकडा घेऊन ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत आपला राउटर शोधावा. फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) किमान ८ एमबी आणि रॅम किमान ६४ एमबी असावी. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या जुन्या राउटरांचा नाद सोडून द्यावा. वाय-फायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर पाठिंबा बहुधा अपुरा मिळतो, तर मीडियाटेक आणि क्वालकॉम अ‍ॅथेरॉसच्या चिप चांगल्या चालतात. इंटरनेट कंपनीने फायबरसोबत बसवून दिलेला डबा या कामासाठी घेऊ नये, कारण तो आपल्या मालकीचा नसतो आणि फायबरची जोडणी त्याच्याशीच बांधलेली असते. आपला राउटर त्याच्या मागे जोडावा.

आता फाइल उतरवून घ्याव्यात. ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये मॉडेल व आवृत्ती लिहिली की दोन प्रकारच्या फाइल दिसतात. 'फॅक्टरी' ही कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना लागते, आणि 'सिसअपग्रेड' ही ओपनडब्ल्यूआरटी आधीच असताना. स्थिर आवृत्तीच निवडावी. रोजच्या चाचणी आवृत्तीत ब्राउझरमधून चालणारा ल्युसी हा पडदा सहसा नसतो आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. फाइल उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) काढून संकेतस्थळावरील आकड्याशी पडताळावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो मिळतो. याच वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून मूळ फर्मवेअर, आणि ओपनडब्ल्यूआरटीवरील आपल्या मॉडेलचे माहितीपानही संगणकात जतन करून ठेवावे, कारण थोड्या वेळाने घरात इंटरनेट नसेल. केबलवाल्याने दिलेली जोडणी पीपीपीओई प्रकारची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड भरून सुरू होणारी, असेल तर तिचे युजरनेम आणि पासवर्ड कागदावर उतरवून घ्यावेत. जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशी, बांधलेली असल्यास तो पत्ताही टिपून ठेवावा.

फर्मवेअर चढवताना संगणक लॅन केबलनेच जोडावा, वाय-फायवरून हे काम करू नये. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. इंटरनेटची केबल काढून ठेवावी, राउटरच्या मूळ पानावर जाऊन अपग्रेडच्या जागी फॅक्टरी फाइल निवडावी आणि सुरुवात करावी. काही मूळ फर्मवेअर लांबलचक नावाची फाइल नाकारतात. तसे झाले तर नाव छोटे करून पुन्हा द्यावी. त्यानंतर दिवे कसेही लुकलुकले तरी काही मिनिटे प्लगला हात लावू नये.

राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असा होतो. मूळ पत्ता वेगळा असल्याने केबल एकदा काढून पुन्हा लावावी, म्हणजे संगणक नवा पत्ता घेईल. ल्युसीमध्ये युजर 'रूट' असतो आणि पासवर्ड कोरा असतो. पहिले काम म्हणजे पासवर्ड ठेवणे. दुसरे काम लगेच करावे, कारण आपल्याकडे हमखास अडचण येते ती इथे: फायबरच्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो, आणि दोन्ही बाजूंना एकच पत्ता आला की सगळे नीट जोडूनही इंटरनेट येत नाही. म्हणून इंटरनेटची केबल लावण्यापूर्वी लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा, पत्ता १९२.१६८.१०.१ असा काही वेगळा करावा. बदल लागू केल्यावर ल्युसी ९० सेकंद वाट पाहते आणि नव्या पत्त्यावरून संपर्क झाला नाही तर बदल मागे घेते, त्यामुळे तेवढ्यात नव्या पत्त्यावर जावे. मग जोडणी पीपीपीओई असेल तर वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या सेटिंगमध्ये, तिचा तपशील भरावा.

वाय-फाय सुरुवातीला बंद असते. ते चालू करताना देश म्हणून भारत निवडावा, कारण परवानगी असलेले चॅनल आणि शक्ती त्यावरूनच ठरते. सुरक्षेसाठी किमान डब्ल्यूपीए२ ठेवावे.

चढवताना काही बिनसले आणि राउटर सुरूच होईना, तर आर्चर सी७ मध्ये टीएफटीपीची, म्हणजे संगणकावरून केबलने थेट फाइल देण्याची, सोय आहे. संगणकाला १९२.१६८.०.६६ हा स्थिर पत्ता द्यावा, टीएफटीपी सर्व्हर चालू करावा आणि त्याच्या फोल्डरमध्ये माहितीपानावर दिलेल्या नेमक्या नावाने फाइल ठेवावी. नावात एक अक्षर चुकले तरी राउटर ती उचलत नाही. विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवावी. राउटर बंद करून रिसेटचे बटण दाबून धरावे आणि तसेच चालू करावे. सर्व्हरच्या खिडकीत फाइल जाताना दिसली की बटण सोडावे. काहीच दिसले नाही तर मध्ये एक साधा स्विच लावून पाहावा, कारण संगणकाचा पोर्ट जागा होईपर्यंत राउटरची संधी निघून गेलेली असते. मूळ फर्मवेअर याच मार्गाने परत आणता येते, पण त्या फाइलच्या नावात 'बूट' असेल तर ती जशीच्या तशी देऊ नये. तिच्या सुरुवातीला बूटलोडर (राउटर चालू होताच सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम) जोडलेला असतो आणि तो आधी कापून काढावा लागतो.

सगळे सुरळीत झाल्यावर एसक्यूएम हे डेटाची रांग सांभाळणारे पॅकेज (वरून बसवायचा जोड-प्रोग्राम) बसवून पाहावे. घरात कोणी मोठी फाइल चढवत असताना व्हिडिओ कॉल अडखळतो, तो त्रास याने पुष्कळ कमी होतो. वॅनचा इंटरफेस निवडून, मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरावा आणि रांग लावण्याची पद्धत म्हणून 'केक' निवडावा. मात्र आर्चर सी७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ७२० मेगाहर्ट्झचा एकच कोअर आहे; १०० मेगाबिटच्या जोडणीला तो पुरतो, पण त्याच्या कितीतरी पट वेगाच्या जोडणीवर एसक्यूएमने वेगच खाली येईल. तिथे त्याऐवजी सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग (चालू जोडण्यांचा डेटा जवळच्या वाटेने पुढे धाडण्याची सोय) चालू करावे. दोन्ही एकत्र वापरू नयेत.

पुढची अपडेट सिसअपग्रेड फाइलने करावीत. त्यात सेटिंग टिकून राहतात, पण आपण वरून बसवलेली पॅकेज जातात, त्यामुळे त्यांची यादी आणि सेटिंगचा बॅकअप आधी संगणकात घ्यावा. अटेंडेड सिसअपग्रेड ही सोय वापरल्यास ती पॅकेज धरूनच नवी फाइल तयार होते. फाइल या राउटरची नाही असा इशारा पडद्यावर आला, तर सक्तीचा पर्याय निवडू नये; लेबलवरचा आवृत्तीचा आकडा पुन्हा वाचावा.