सर्दी गेली, पण कान अजून बंदच?

सर्दी ओसरल्यावरही कानाला दडा बसलेला असेल, तर कान कोरत बसू नका. अडचण बहुतेक वेळा मळाची नसते. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या बाजूला जाणारी युस्टेशियन नलिका सुजलेली असते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही. इअरबड तिथपर्यंत पोहोचतच नाही, उलट पडद्याला इजा होऊ शकते.

गिळताना आणि जांभई देताना ही नलिका उघडते. म्हणून घोट घोट पाणी प्या, च्युइंगगम चघळा, मुद्दाम जांभया द्या. नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच हवा लोटली तरी कान सुटतो. मात्र जोर लावायचा नाही, आणि नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असेल किंवा कान दुखत असेल तर हे करूच नका. सलाइनच्या स्प्रेने नाक मोकळं ठेवा. चोंदलेलं नाक उघडणारे औषधी थेंब 3 ते 5 दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक पुन्हा चोंदतं.

बहुतेकांचा कान एक-दोन आठवड्यांत सुटतो. त्याहून लांबलं, ताप आला किंवा कान वाहू लागला तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा.