सोन्यातला लाल खडा नैसर्गिक की सिंथेटिक? पारखताना या चुका टाळा

अंगठीतला लाल खडा काचेवर घासून पाहायचा, त्यावर फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते बघायचं, आणि ‘अस्सल आहे’ असं सांगून मोकळं व्हायचं, हे आता थांबायला हवं. यातली एकही परीक्षा नैसर्गिक आणि सिंथेटिक, म्हणजे माणसाने बनवलेल्या, माणकातला फरक दाखवत नाही. दाखवूच शकत नाही. दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच स्फटिक, दोन्हीत लाल रंग क्रोमियमचा, दोघांची कठीणता ९, घनता ४च्या आसपास, अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वाकतो याचं माप) १.७६२ ते १.७७०. पदार्थ एकच असताना पदार्थाचे गुण मोजून काय कळणार? फरक आहे तो खडा कसा वाढला यात, आणि त्या वाढीच्या खुणा खड्याच्या पोटात असतात.

घासून पाहणं तर कायमचं सोडा. सिंथेटिक माणिक काचेवर ओरखडा काढतं, माणकासारखे दिसणारे स्पिनेल आणि गार्नेट हे दुसरे लाल खडेही काढतात. एवढं करून हाती येते ती पैलूची टवका उडालेली कड.

खडा न धुता भिंग लावणं

खड्याच्या मागे साबणाचा थर, तेल आणि धूळ साचलेली असते. समोरून ती हुबेहूब आतल्या धुक्यासारखी दिसते. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. अल्ट्रासॉनिक मशीन नको, आम्ल नको, ब्लीच नको. कारण पुढे येतंच. खड्याची मागची बाजू बंद असेल, तर पाणीही नको. बंद कोंदणात खड्याखाली बहुधा डांक, म्हणजे चमक देणारा धातूचा पातळ पत्रा, असतो, ओल शिरली की तो काळा पडतो. लाल डांकावर बसवलेला फिका खडा वरून गर्द लाल दिसतो, म्हणून बंद कोंदणातल्या खड्याच्या रंगावर कोणतंही मत देऊ नये.

‘आत डाग आहेत, म्हणजे नैसर्गिकच’

सर्वात जास्त फसवणूक याच समजुतीवर चालते, म्हणून इथे जरा थांबू.

ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये सिंथेटिक माणिक बनवण्याची आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, बारीक पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि वाढत्या स्फटिकाच्या घुमटासारख्या माथ्यावर थरावर थर चढत जातो. माथा गोलाकार, म्हणून थरांच्या रेषाही वक्र. खड्यातल्या या वक्र रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या दाट आणि समांतर असतात. सोबत वायूचे बुडबुडे असू शकतात, कधी गोल, कधी शेपटीवाले.

असा खडा बहुतेक वेळा फारच स्वच्छ निघतो आणि त्यामुळे संशय येतो. मग तो तापवून एकदम गार केला जातो. आत तडे जातात. पुढे काही वेळा हे तडे फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांत, अर्धवट सांधले जातात. आता त्यात जाळीदार, बोटांच्या ठशांसारखे पडदे दिसू लागतात. नवशिका भिंग लावतो, पडदा दिसतो, निकाल लागतो. पण तडे नंतर पाडले तरी वक्र रेषा पुसल्या जात नाहीत. म्हणून डाग सापडला तरी भिंग खाली ठेवायचं नाही. वक्र रेषा शोधून झाल्याशिवाय तपासणी संपत नाही.

त्या शोधायच्या कशा? १० पट वर्धनाचं त्रि-भिंगी लूप डोळ्याला अगदी चिकटवा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, खडा भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणा. प्रकाश समोरून मारू नका, पैलूंवरच परत येतो. तो बाजूने किंवा मागून द्या आणि मध्ये पांढरा टिश्यू धरा. आता खडा हळूहळू फिरवा. रेषा एका विशिष्ट दिशेनेच दिसतात, वरच्या सपाट पैलूतून बहुतेक वेळा दिसतच नाहीत. कडेतून आणि मागच्या पैलूंतून पाहा. मागून उघड्या अंगठीत मोती, पाचू किंवा चिकटवलेला भाग नसेल, तर ती ग्लिसरीन भरलेल्या काचेच्या वाटीत बुडवून खालून प्रकाश दिला की पृष्ठभागाची चमक कमी होते आणि आतलं स्पष्ट होतं. नंतर लगेच धुऊन घ्या. लूपने काही सापडलं नाही तर ३०-४० पट वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कारण माणकातल्या वक्र रेषा फार बारीक असतात.

इथे दोन गोष्टी हमखास चकवतात. पॉलिशचे ओरखडे पैलूच्या कडेला थांबतात आणि शेजारच्या पैलूवर दिशा बदलतात. वाढीच्या रेषा कडा ओलांडून तशाच पुढे जातात. दुसरं म्हणजे सोन्याच्या गोल कडेचं प्रतिबिंब खड्यात वक्र रेषेसारखं पडतं. अंगठी किंचित कलती करा. प्रतिबिंब सरकतं, रेषा खड्यातच राहते.

नैसर्गिक माणकाच्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात मिळतात. रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया, ज्यांना सिल्क म्हणतात, तीन दिशांना ६० अंशांत छेदलेल्या दिसल्या तर तो नैसर्गिकपणाचा भक्कम पुरावा. तापवलेल्या खड्यात या सुया विरघळून ठिपक्यांच्या ओळी उरतात, आणि आतले स्फटिक वितळून गोलसर झालेले असतात. घाईत त्यांनाच बुडबुडे ठरवलं जातं. एकट्या बुडबुड्यावर म्हणूनच निकाल नको.

काच भरलेलं माणिक ओळखू न येणं

हा खडा मुळात नैसर्गिक असतो, पण तड्यांनी भरलेला. ते तडे जास्त शिसं असलेल्या काचेने भरले जातात आणि अपारदर्शक दगड पारदर्शक दिसू लागतो. २००४च्या सुमारास हे खडे बाजारात मोठ्या प्रमाणात आले. भिंगाखाली खडा हलवला की तड्यांच्या कडेने निळी किंवा नारिंगी झाक चमकून जाते, आणि तड्यात चपटे बुडबुडे अडकलेले असतात.

याकडे दुर्लक्ष झालं की कारागिराच्या मेजावर काय होतं, ते ठरलेलं आहे. अंगठी मोठी करायला येते. खडा माणिक, माणिक उष्णता सोसतं, म्हणून तो न काढताच ज्योत लावली जाते. काच वितळून तड्यांतून घामासारखी बाहेर येते. मग झाळणाचा काळेपणा काढायला दागिना आम्लात जातो आणि उरलेली काच खाल्ली जाते. लाल अंगठी आत गेलेली असते, पांढुरक्या भेगांचं जाळं बाहेर येतं. गिऱ्हाईक म्हणतं खडा बदलला, कारागीर म्हणतो खडाच खोटा होता, दोघांचंही चूक. हे काहीही दुरुस्त होत नाही. लिंबाच्या रसानेही ही काच हळूहळू खराब होते. दागिना ज्योतीजवळ नेण्याआधी प्रत्येक लाल खडा निळ्या झाकेसाठी हलवून बघणं, ही दोन मिनिटांची सवय लावून घ्या.

अतिनील टॉर्चवर विसंबणं

अतिनील प्रकाशात माणिक लाल चमकतं, आणि ही चमक क्रोमियमची असते. सिंथेटिक माणकात लोह जवळजवळ नसतं, म्हणून ते जोरात चमकतं. म्यानमारच्या संगमरवरात सापडणारं नैसर्गिक माणिकही तसंच चमकतं. थायलंडच्या लोहयुक्त माणकाची चमक मंद, आणि गार्नेटची बहुधा शून्य. म्हणजे टॉर्चने गार्नेट वेगळं काढता येईल, नैसर्गिक-सिंथेटिक नाही.

लाल म्हणजे माणिकच समजणं

ब्रिटिश राजमुकुटातला प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल आहे. आधी खडा कोणता ते ठरवा, मग नैसर्गिक की नाही ते. स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८च्या आसपास आणि अपवर्तन एकेरी, माणकाचं मात्र दुहेरी, म्हणजे त्यात प्रकाशाचा किरण दोनांत फुटतो. काही गार्नेटचा आकडा माणकाच्या जवळ येतो, पण तेही एकेरीच. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अपवर्तनांक मोजणारं उपकरण, वापरताना वरचा पैलू प्रॉंगच्या, म्हणजे खडा धरणाऱ्या नख्यांच्या, वर आलेला हवा, नाहीतर संपर्कच होत नाही.

‘जुना दागिना आहे, तेव्हा कुठे सिंथेटिक?’

तेव्हाही होतं. १९२०-३०च्या दागिन्यांत व्हर्नॉय माणिक सर्रास सापडतं, विशेषतः ओळीने बसवलेल्या छोट्या चौकोनी खड्यांत. शिवाय जुन्या दागिन्यातले पडलेले खडे मध्ये कधीतरी बदललेले असतात. बारा खड्यांच्या ओळीतला एक तपासून बाराही नैसर्गिक ठरवू नका. प्रत्येक खडा वेगळा बघा.

सोन्यावरचा हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो.

काहीच दिसलं नाही, म्हणून निकाल देणं

फ्लक्समध्ये सावकाश वाढवलेल्या माणकात वक्र रेषा नसतात, पडदे मात्र असतात. कधी प्लॅटिनमच्या भांड्यातून आलेली त्रिकोणी, धातूसारखी चमकणारी पत्री दिसते. ती दिसली तर प्रश्न मिटला. नाही दिसली तर भिंगाचं काम संपलं. पुढे व्हॅनेडियम, गॅलियम, लोह यांची सूक्ष्म प्रमाणं मोजावी लागतात आणि ते रत्नप्रयोगशाळेतच होतं. तिथे देताना फक्त ‘नैसर्गिक आहे का’ एवढंच विचारू नका. तापवणं आणि काच भरणं, दोन्हींचा उल्लेख अहवालात मागा. खडा बंद कोंदणात असेल तर आधी काढून द्या. बसवलेल्या खड्याच्या अहवालात ‘कोंदणामुळे तपासणी मर्यादित’ अशी ओळ येऊ शकते, आणि मग नेमकं जे विचारायचं होतं तेच अनुत्तरित राहतं.