अंगावरून जास्त जातंय? पिशवी काढायच्या आधी हे करा
मी बीड जिल्ह्यात नर्स आहे. पस्तिशीची बाई येते आणि थेट विचारते, "ताई, अंगावरून लई जातंय, पिशवी काढून टाकू का?" आमच्याकडे ऊसतोडीला पाळीमुळे खाडा नको म्हणून पिशव्या काढणाऱ्या बायका इतक्या होत्या, की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणून हे सांगते.

आधी कॅलेंडरवर नोंद ठेवा. पाळी आली तो दिवस, थांबली तो दिवस, रोज किती पॅड किंवा कपडे बदलले. साधारण २४ ते ३८ दिवसांनी पाळी यावी आणि आठ दिवसांच्या आत थांबावी. त्याहून जास्त जात असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, मधेच किंवा संबंधानंतर डाग दिसत असेल, तर दवाखाना गाठा.

दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजतोय, चक्कर येते, धाप लागते? त्याच दिवशी जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. पाळी चुकलेली असताना रक्त आलं आणि ओटीपोटात दुखतंय, तर अजिबात थांबू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

पाळी जाऊन वर्ष झालेल्या मावशींनो, तुमच्यासाठी एक डागसुद्धा पुरे. "पाळी परत आली" म्हणून घरात बसू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते, आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

तपासण्या अवघड नाहीत : गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन (१२ च्या खाली म्हणजे रक्त कमी), थायरॉइड, सोनोग्राफी. पंचेचाळिशीपुढे बहुधा पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडाही तपासतात. उपचार कारणावर ठरतो. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, तांबीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधनही मिळतं. लोहाच्या गोळ्या मात्र सांगितल्या तितके महिने घ्या.

तरीही ऑपरेशन सांगितलं, तर सही करण्याआधी जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. अंडाशय ठेवणार की काढणार, हेही विचारा. तरुण वयात दोन्ही काढली, तर पाळी जाण्याचे त्रास लगेच सुरू होतात आणि हाडं ठिसूळ होतात.